गार्नेटचा आरसा

परवा चर्चमध्ये पाद्रीबुवांनी माझ्या नवऱ्याची गोष्ट सांगितली आणि बायका मुसमुसून रडल्या. मी हातरुमालात तोंड खुपसून बसले होते. लोकांना वाटलं, बिचारी एल्वा रडतेय. रडतेय कसली, मला ओकारी येत होती.

आंधळ्या गार्नेट बर्चलला वीतभर काँक्रीटच्या आडून पक्ष्याच्या काळजाची धडधड ऐकू आली, आणि त्याने श्रीमंताघरची भिंत फोडून त्या मुक्या जिवाला वाचवलं, अशी ती गोष्ट. आमच्या सेंट डेव्हिड बेटावर ती आता शेंबड्या पोरालाही पाठ आहे. उद्या टपाल तिकिटावर छापतील. बर्म्युडात लांबशेपट्याचं चित्र कशावर छापायचं उरलंय म्हणा! कपावर, टॉवेलवर, पोरींच्या कानातल्यांत, दारूच्या बाटलीवर. पक्षी पांढराशुभ्र, शेपटीची दोन पिसं अंगापेक्षा लांब, दिसतोही देखणा. त्याची फळं भोगतोय बिचारा.

मी मात्र जे झालं ते सांगते. गार्नेट आता नाही, आणि माणूस गेला की त्याच्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी खरं बोलतेय. ते वाईट निघालं तर माझा इलाज नाही.

गार्नेट वयाच्या चौदाव्या वर्षी दगड कापायला लागला. आमचा दगड मऊ, करवतीने पावासारखा कापला जातो. बाप मासेमार, शार्क मारून आणायचा. पण गार्नेटला बोट लागायची. बेटावरच्या कोळ्याच्या पोराला बोट लागते म्हणजे केवढी नाचक्की! त्याचे भाऊ जन्मभर त्याला ‘कोरडा बर्चल’ म्हणायचे. म्हणून तो गवंडी झाला, आणि गवंडी असा झाला की अर्ध्या बेटाची दगडी छपरं त्याने घातली. ओळंबा न लावता भिंत सरळ उभी करायचा. मी माल कालवायचे, घमेली उचलायचे. आम्हाला मूलबाळ नव्हतं, तेव्हा मी घरी बसून करणार काय?

पण त्याचं नाव झालं ते छपरांमुळे नाही, आरशामुळे. कड्यावर भिंत बांधायची तर आधी कड्यातली बिळं बघावी लागतात. लांबशेपटे मार्चमध्ये येतात आणि त्या बिळांत एकच अंडं घालतात. वर्षातले उरलेले महिने त्यांना जमीन लागत नाही. लाटेवर झोपायचं, उडते मासे धरायचे, खारं पाणी प्यायचं, हजार मैलांत कुठे किनारा नसला तरी काही अडत नाही. अंडं पाण्यावर घालता आलं असतं ना, तर हा पक्षी माणसाच्या वाऱ्यालाही उभा राहिला नसता. मी पक्षी असते तर मीही राहिले नसते.

तर भिंतीआधी बिळापुढे आरसा धरायचा, उन्हाचा कवडसा आत टाकायचा, आणि बीळ रिकामं असेल तर बाजूला चुन्याचा पट्टा ओढायचा. पट्टा असला तर बुजवा. नसला तर अंड्यातलं पिल्लू उडून जाईपर्यंत हात लावायचा नाही. हे काम सगळेच गवंडी करतात, पण लोकांचा विश्वास गार्नेटवर. "गार्नेटने आरसा मारला ना? मग झालं," असं म्हणायचे. दुसऱ्याच्या कामावरही त्याला बोलावून न्यायचे. आणि हा छाती काढून जायचा.

मग त्याचे डोळे गेले. एकदम नाही गेले. नजरेच्या मधोमध एक काळा डाग आला आणि वाढत गेला. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. तुमच्या तोंडाकडे बघायचं तर तो तुमच्या खांद्यापलीकडे बघायचा. डॉक्टर म्हणाले, यावर उपाय नाही. घरी येताना गार्नेट मला म्हणाला, "कुणाला बोलायचं नाही."

मी म्हटलं, "अरे, आज ना उद्या कळणारच."

"उद्याचं उद्या. आंधळ्या गवंड्याला कोण बोलावेल? आंधळ्याने आरसा धरला तर लोक हसतील, एल्वा."

झाली तीन वर्षं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती मूठ झाकायची मी. आम्ही खोकल्याची खूण ठरवली. एक खोकला म्हणजे डावीकडे सरक, दोन म्हणजे उजवीकडे. आरशाच्या वेळी मी शिडी धरायच्या निमित्ताने बाजूला उभी राहायचे आणि बिळात डोकावायचे. रिकामं असलं तर गप्प. आत पक्षी असला तर तीन खोकले. लोक म्हणायचे, एल्वाला चुन्याची धूळ बाधली. माझ्यासाठी मध आणि आलं पाठवायचे. मी तो मध चाटून खायचे, निर्लज्जासारखी.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात पेनिस्टनबाईंचं काम आलं. हॅरिएट पेनिस्टन म्हणजे कड्यावरचा गुलाबी बंगला. फाटकावर लोखंडी लांबशेपटे, उशांवर लांबशेपटे, आणि दारातल्या पायपुसण्यावरही लांबशेपटा. त्याच्यावर पाय पुसून आत जायचं. मी पहिल्या दिवशी बुटांसकट त्या पायपुसण्यावरून उडी मारून गेले, तर बाई म्हणतात, "एल्वा, पाय पुस गं, गालिचा नवा आहे."

बाईंच्या मुलीचं लग्न शनिवारी, गच्चीवर. गच्चीखालचा कडा गेल्या वादळात खचला होता. पाहुणे पडू नयेत म्हणून तिथे भिंत हवी. खरं तर मे म्हणजे अंड्यांचा महिना. पण बाई म्हणाल्या, "गार्नेट बघेल की. त्याने रिकामं म्हटलं की रिकामं."

मंगळवारी सकाळी आम्ही परांचीवर चढलो. खाली मेदेरोस माळी जास्वंदीचं कुंपण कापत होता. हा मेदेरोस माणूस वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. पाच बिळं होती. पहिली चार खरंच रिकामी होती. नुसती पानं आणि खेकड्यांची कवचं. चुन्याचे चार पट्टे ओढून झाले. पाचव्या बिळापुढे गार्नेटने आरसा धरला, कवडसा आत गेला, आणि मी वाकून बघितलं.

आत पक्षी होता. हातभर अंतरावर. पांढरी छाती, डोळ्यावरून गेलेला काळा पट्टा, पिवळी चोच. पोटाखाली अंडं. तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे बघत होते. मी खोकायला श्वास घेतला.

तेवढ्यात खालून मेदेरोस ओरडला, "काय गार्नेट! हल्ली बायकोच्या खोकल्यावर भिंती बांधतोस म्हणे!"

गच्चीवर कुणीतरी हसलं. बाई कठड्यावरून वाकून बघत होत्या. "खोकल्यावर म्हणजे?" त्यांनी विचारलं.

गार्नेटचा चेहरा विटेसारखा लाल झाला. "रिकामं!" तो मोठ्याने म्हणाला, आणि ब्रश बुडवून सप्पकन पट्टा ओढला.

आता मी खोकले असते तर मेदेरोस टाळ्या पिटून नाचला असता. सरळ ‘आत पक्षी आहे’ म्हटलं असतं तर नवऱ्याचं नाक सगळ्यांसमोर कापलं गेलं असतं. मी तो खोकला गिळला. मनाला म्हटलं, माल आत जायला लागला की येईल फडफडत बाहेर. खोटं! बर्म्युडातलं तान्हं मूलही सांगेल की अंड्यावर बसलेला लांबशेपटा उठत नाही. त्याचे पाय इतके मागे असतात की त्याला धड उभंही राहता येत नाही, पोटावर सरपटतो. उंदीर आला, कुत्रा आला, वादळ आलं, तरी तो बसून राहतो. हे मला ठाऊक होतं. तरी दुपारपर्यंत मी घमेल्यामागून घमेलं वर दिलं. पाचव्या बिळाचा माल गार्नेटने स्वतः थापला. मला म्हणाला, "तू पाणी पिऊन ये." मी आज्ञाधारकासारखी पाणी पिऊन आले. आले तेव्हा कड्याला भोक नव्हतं, भिंत होती.

बुधवार गेला. गुरुवारी त्या पक्ष्याचा जोडीदार समुद्रावरून परत आला. यांच्या पाळ्या असतात. एक चार-पाच दिवस अंड्यावर बसतो, दुसरा समुद्रात खात फिरतो, मग बदली. तर तो बदलीवर आला, आणि घराला दारच नाही! आम्ही दुसऱ्या टोकाला कठड्याचं काम करत होतो. तो भिंतीसमोर येऊन पंख फडफडवत तरंगायचा, कॅक-कॅक-कॅक ओरडायचा, गोल फिरून पुन्हा यायचा. बीळ जिथे होतं, नेमकं तिथे. चार-पाचदा तर भिंतीवर जाऊन आदळला.

गच्चीवर लग्नाची पाहुणेमंडळी पेले घेऊन उभी होती. "बघा, बघा, प्रेमाचं नृत्य!" बाई म्हणाल्या. "लग्नाच्या आठवड्यात लांबशेपटा दाराशी नाचणं म्हणजे केवढा शुभशकुन!" नवरी मुलगी टाळ्या वाजवायला लागली. एकाने पक्ष्याच्या नावाने पेला उंचावला. शी! मला त्या सगळ्यांच्या डोक्यावर चुन्याची बादली उपडी करावीशी वाटली. पण त्यांना काय म्हणू? त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मला होतं.

"काय चाललंय तिकडे?" गार्नेटने मला हळूच विचारलं.

"पक्षी उडतोय."

"बरं," तो म्हणाला, आणि थापी घासत बसला.

शुक्रवारी बाईंचा निरोप आला की पक्ष्याने नव्या भिंतीवर शिटून ठेवलंय, उद्या फोटो काढायचेत, एल्वाला पाठवून धुऊन घ्या. मी बादली आणि काथ्याचा कुंचा घेऊन गेले. भिंतीवर पांढरे ओघळ होते, आणि आदळल्याच्या जागी थोडं रक्त. मी ते धुतलं. एका पक्ष्याला गाडून त्याच्या जोडीदाराचं रक्त मी साबणाच्या पाण्याने घासून काढलं, आणि तेही नीट, डाग राहू नये म्हणून. वरून बाई म्हणाल्या, "डावीकडे अजून थोडं राहिलंय गं." तेही घासलं.

घासताना नाकात वास आला. कुजलेल्याचा नव्हे, जिवंत बिळाचा वास: शिळी मासळी, ओली पिसं, शीट. एरवी लोक नाक मुरडतात तो वास. भिंतीतून पाणी झिरपून जायला नळ्या ठेवतात ना, त्यातल्या एका नळीतून येत होता. मी कान लावला. आत काहीतरी खरवडल्यासारखं झालं. एकदाच.

मी घरी आले. स्वयंपाक केला. मासा आणि वाटाणाभात. गार्नेट म्हणाला, "मीठ दे," आणि मी मीठ दिलं.

शनिवारी सकाळी मात्र मला स्वतःच्या हातांचीच शिसारी आली. चहा ओतताना ते हात दिसले, आणि वाटलं, हे कुणाचे हात आहेत? मी पिशवीतून छिन्नी-हातोडा काढला.

"कुठे निघालीस?" गार्नेटने विचारलं.

"पेनिस्टनबाईंची भिंत फोडायला."

का, असं त्याने विचारलं नाही. खाली वाकला आणि बूट घालायला लागला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी रागाने इतकी पेटले होते की माझ्या डोक्यात आलंच नाही.

गच्चीवर खुर्च्या मांडल्या होत्या, फुलं लावली होती. आम्ही मागच्या वाटेने कड्यावर उतरलो. परांची अजून होती. चार दिवसांचा माल, अजून पुरता मुरलेला नव्हता. मी घाव घालत सुटले. ढलप्या पडायला लागल्या, आणि नळी उघडी पडली. काल कान लावला होता तीच ही नळी, पण ती कुठे आहे हे आत्ता कुठे माझ्या लक्षात आलं, आणि हातोडा थांबला. पाण्याची नळी खाली ठेवतात, भिंतीच्या पायथ्याशी. ही वर होती, छातीच्या उंचीवर, आणि सरळ पाचव्या बिळात गेली होती. एकटी. बाकी चारही बिळांना अशी नळी नव्हती.

"ही इथे कुणी घातली?" मी विचारलं.

गार्नेट पायाने ढलप्या बाजूला सारत राहिला.

"गार्नेट, ही नळी तू घातलीस. मला पाणी प्यायला पाठवून घातलीस."

"वास आला होता मला," तो म्हणाला. "आरसा धरला तेव्हाच आला होता. डोळे गेलेत, नाक नाही गेलं."

"मग रिकामं का म्हणालास, मेल्या?"

"तू खोकली नाहीस."

"मी श्वास घेतच होते! तू आधीच बोलून मोकळा झालास!"

"मग नंतर बोलायचंस. तुझे डोळे तर शाबूत होते ना?"

"आणि तुझं तोंड? ते कुठे गेलं होतं? पक्ष्याला हवा दिलीस, वाट नाही दिलीस. लाज नाही वाटली?"

"तुला वाटली?"

चार दिवस एका बिछान्यात झोपलो, एका टेबलावर जेवलो. त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि दोघंही एकमेकांना वाचवत होतो. असल्या प्रेमाला आग लागो! मी पुन्हा घाव घातला आणि शेवटचा तुकडा आत पडला.

अंधारातून अशी किंकाळी आली की माझ्या हातून छिन्नी सुटली. गार्नेटने बाही वर केली आणि हात आत घातला. चोचीने त्याचा अंगठा फाडला. रक्त कोपरापर्यंत ओघळलं. त्याने हात मागे घेतला नाही. चाचपत पोटाखाली नेला.

"अंडं आहे," तो म्हणाला. "एल्वा, गरम आहे."

पक्षी चार दिवस उपाशी, अंगभर सिमेंटची धूळ, शेपटीचं एक पीस मोडलेलं, पण बसलेला. त्याने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग-क्षमा काही नव्हतं. आम्ही त्याच्या खिजगणतीतच नव्हतो, आणि तेच बरं होतं.

"काय चाललंय हे? माझी भिंत!" वरून बाई ओरडल्या. केसांत रोलर्स, कानांत चांदीचे लांबशेपटे. त्यांच्यामागे नवरी, पाहुणे, फोटोवाला. मेदेरोस कात्री घेऊन धावत आला. बिळातून पक्षी पुन्हा ओरडला आणि सगळे कठड्यावरून वाकले.

"आत पक्षी आहे?" बाई म्हणाल्या. "अरे देवा! पण गार्नेट, भिंतीच्या आत पक्षी आहे हे तुला कळलं कसं?"

आता सांगेल, मला वाटलं. आता याला सांगावंच लागेल. गार्नेट त्यांच्याकडे वळला, म्हणजे अर्धं तोंड समुद्राकडे करून उभा राहिला, कारण तशा बाई त्याला कडेने दिसायच्या.

"बाईसाहेब, मला दिसत नाही," तो म्हणाला. "तीन वर्षं झाली, डोळे गेले. आजवर लपवलं, आता नाही लपवत."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. मनात म्हटलं, शाब्बास रे माझ्या वाघा.

आणि तो पुढे म्हणाला, "पण देव एक दार बंद करतो तेव्हा कान उघडतो. काल घरी बसलो होतो, आणि मला त्याच्या काळजाची धडधड ऐकू आली."

मेदेरोसने टोपी काढली. नवरी रडायला लागली. बाईंनी छातीवर हात ठेवला, आणि फोटोवाल्याने रक्ताने माखलेल्या त्या हाताचा फोटो काढला. आमचं घर तिथून दोन मैल लांब आहे. दोन मैलांवरून कुणाला पक्ष्याच्या काळजाची धडधड ऐकू येते का, हे एकाही शहाण्याने विचारलं नाही. बिळाला कुणी धक्का लावायचा नाही, असं बाईंनी तिथल्या तिथे जाहीर केलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

गार्नेटचं तोंड समुद्राकडे होतं, म्हणजे त्याच्या नजरेच्या कडेला मीही होते. मी तोंड उघडते का, हे तो बघत होता. नुसतं "खोटं" एवढं म्हणायचं होतं. मी छिन्नी उचलली, पुसली आणि पिशवीत टाकली.

परत जाताना त्याने माझ्या दंडाला धरलं होतं. आता आंधळेपणा लपवायचा नव्हता ना. अंगठ्याला माझाच रुमाल बांधला होता. पुलापाशी आलो. मग तो म्हणाला, "बरं केलंस, गप्प बसलीस. एल्वा, तू होतीस म्हणून माझं नाव राहिलं."

आणि मला बरं वाटलं. शी! चाळीस वर्षांच्या संसारात त्याने मला पहिल्यांदा चांगलं म्हटलं होतं, आणि मला बरं वाटलं.